डोंगराची सावड

खाणीचा कॅम्प, हेदाची वाडी,
बारवी धरणापलीकडे
१७ जानेवारी १९८८

ती. शालनताईस,
भगवानचा सविनय जयभीम. वि. वि.

पोचल्याचं पत्र लगेच टाक म्हणाली होतीस. ते लगेच आता टाकतोय. इथे टपालपेटी नाही आणि पोस्टमनने हा रस्ता पाहिलेलाही नसावा. बदलापूरहून दिवसातून एक एस.टी. येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असलं तर. खडीचा ट्रक अंबरनाथला निघाला की त्याच्या ड्रायव्हरच्या हातात पत्र द्यायचं आणि तो ते पेटीत टाकील अशी आशा धरायची. तेव्हा तुमचं उल्हासनगर नकाशात कितीही जवळ दिसलं तरी भाऊ परदेशी गेलाय असंच समज.

आता कामाचं. सह्यशिला स्टोन कंपनीत माझा हुद्दा आहे ग्रामसंपर्क साहाय्यक. म्हणजे नक्की करायचं काय, असं भावजींनी विचारलं होतं. तर माणसं जोडायची. खाणीला लागून हेदाची वाडी आहे, तीस-पस्तीस घरांची, सगळे ठाकर. वाडीच्या पाठीशी बसका डोंगर नावाचा डोंगर आहे. आमच्या खाणीतला चांगला दगड आता संपत आला, म्हणून कंपनीला तो डोंगर हवाय. वाडीची संमती घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मुंबई ऑफिसने ठरवलंय, आणि ती मिळवायला मला नेमलंय. दिवाळीपर्यंत वाडी हो म्हणाली तर मी परमनंट. नाही म्हणाली तर गाशा गुंडाळायचा.

त्यासाठी आम्हांला अंबरनाथच्या एका हॉटेलात शिकवणी दिली. मुंबईहून टाय बांधलेले गृहस्थ आले होते. त्यांनी सांगितलं की सारखं हसत राहा, पोराबाळांची नावं विचारा, भेटवस्तू द्या. मी इतका हसलोय ताई, की गाल दुखून आले. वाडीतल्या बायका आपसात विचारत होत्या म्हणे, की या माणसाच्या दातांना काही झालंय का.

भेटवस्तूंचीही गंमतच झाली. चादरी वाटल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पच्या दारात वालाच्या शेंगांची पाटी, भोपळे आणि दोन कोंबडे. क्रिकेटची बॅट दिली, तर तिच्या बदल्यात पावसात पांघरायचं पानांचं नवंकोरं इरलं आलं. भर जानेवारीत! आमचे मॅनेजर दिनानाथ प्रधान साहेब खूश आहेत, लोक फार प्रेमळ आहेत म्हणतात. कोंबडे पहाटे त्यांच्याच खिडकीखाली आरवतात, तरी खूश आहेत.

वाडीत शेवटचा शब्द रखमाआजीचा. तिने पहिल्याच दिवशी माझी जात विचारली. मी बौद्ध म्हटल्यावर तिने विचारलं की मग खातोस काय. सगळं खातो म्हणालो. आमचंही तसंच, म्हणाली आणि तो विषय संपला.

आपल्या घराच्या मागच्या खोलीच्या भिंती गुडघ्याएवढ्या होऊन राहिल्यात हे मी विसरलेलो नाही. परमनंट झालो की कर्ज मिळेल, खोली पुरी होईल आणि आईला स्वयंपाकघरात पाय दुमडून निजावं लागणार नाही. खरवईच्या जयदेवरावांनाही लग्नासाठी तेवढाच धीर धरायला सांग. त्यांच्या कुंदाला काही सांगू नकोस, ती समजूतदार आहे.

भावजींना आणि आईला जयभीम. लोभ आहेच, फक्त तो ट्रकड्रायव्हरवर न सोपवता पोस्टाने पाठवावा.

तुझा,
भगवान


कॅम्प नंबर ४, उल्हासनगर
६ फेब्रुवारी १९८८

चि. भगवान यास,
शालनताईचे अ. आ. व जयभीम.

पत्र मिळालं. डिझेलचा वास आणि वर मिरचीच्या भज्याचा डाग, म्हणजे तुझा ड्रायव्हर वाटेत कुठे थांबतो तेही कळलं.

तुझ्या हुद्द्याचं ऐकून हे पोट धरून हसले. म्हणाले, लहानपणी शेजारच्या पोरांशी रोज मारामाऱ्या करणाऱ्याला माणसं जोडायला कुणी नेमलं? मी मात्र तुझी बाजू घेतली. मी टेकचंद शेठचे जीन्सचे खिसे शिवते ना, त्याच्या दुकानात हेच काम रोज बघते. नवं गिऱ्हाईक आलं की आधी पापड आणि पाणी. मग घरच्यांची चौकशी, मग मुलांच्या शाळा, आणि मग कुठे कापड. तोवर गिऱ्हाइकाला उठून जायची लाज वाटायला लागते. पण शेठ एका माणसाला घाबरतो. जो पापड खाऊन दुसऱ्या दिवशी स्वतःच मिठाईचा पुडा घेऊन येतो, त्याला. म्हणतो, साईं, हा फसायचा नाही. तेव्हा तुझ्या त्या इरल्याकडे नीट बघ.

जयदेवराव येऊन गेले. दोन कप चहा घेतला आणि परमनंट हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की आईला तो पाठ झाला. आता ती भाजीवाल्यालाही विचारते की तू परमनंट का. कुंदा बरोबर होती. बालवाडीतून तशीच आली होती, हाताला खडू. तिने एवढंच विचारलं की इरलं दिसतं कसं. मी सांगितलं की ते घातल्यावर भगवान कासवासारखा दिसत असेल. वडील बघत होते तरी ती हसली.

खोलीत सध्या शेजारची शेळी बसते. हे म्हणतात, खोली हवेशीर झालीय.

अंथरूण उन्हात घालत जा. लोभ आहे तेवढाच राहील, ओरडणं मात्र वाढेल.

तुझी,
शालनताई


खाणीचा कॅम्प
२० एप्रिल १९८८

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

यावेळी पत्र बसून, शांतपणे, सगळ्यांना वाचून दाखव.

होळीनंतर बसक्या डोंगरावरचा झरा आटत जातो. वाडीतल्या बायका एक हंडा पाण्यासाठी डोंगर चढतात. बारवीचं पाणी पाइपातून आपल्याकडच्या कारखान्यांना जातं आणि धरणाच्या उशाला राहणाऱ्या बायका हंडा घेऊन उभ्या, हे मला बघवेना. मी प्रधान साहेबांना म्हटलं की बॅटी आणि चादरी पुरे झाल्या, एक विहीर खणून देऊ. आपल्याकडे कंप्रेसर आहे, सुरुंग आहेत, माणसं आहेत. साहेब आधी डोकं खाजवत बसले, मग एकदम उठून म्हणाले, चला.

कॅम्पातला झाडून सगळा माणूस लागला. वॉचमन किसनने पाटीभर दगड वाहिले आणि मग कंबर धरून दोन दिवस झोपून राहिला. साहेबांनी स्वतः टेप धरली. आणि ताई, जयंतीच्या आदल्या दिवशी पाणी लागलं. चौदा एप्रिलला सकाळी रखमाआजीने पोहरा सोडला आणि पहिला तांब्या भरून माझ्या हातात दिला. आपल्या लोकांना त्या तांब्याभर पाण्याचं काय वाटतं, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. मी मात्र तांब्या तोंडाला लावला आणि डोळे भरून आले. आजीला वाटलं पाणी खारट लागलं, म्हणून तिने ते स्वतः पिऊन पाहिलं.

एक मात्र नवल. वाडीतल्या एकाही माणसाने आभार मानले नाहीत. रखमाआजीने फक्त विचारलं की तुमची किती माणसं लागली. सगळी, असं सांगितल्यावर तिने मान डोलावली आणि ती पाणी भरायला लागली. प्रधान साहेबांनी त्याच संध्याकाळी मुंबईला कळवलं की वाडी आता आपलीच आहे.

जयंतीला येता आलं नाही म्हणून रागावू नकोस. कुंदाला विहिरीचं मुद्दाम सांग.

लोभ त्या विहिरीसारखा राहो, उन्हाळ्यातही न आटणारा.

तुझा,
भगवान


कॅम्प नंबर ४, उल्हासनगर
९ मे १९८८

चि. भगवान यास,
अ. आ. व जयभीम.

वाचून दाखवलं. तांब्यापर्यंत आले आणि पत्र ह्यांच्या हातात दिलं, पुढचं ह्यांनी वाचलं. आईने वस्तीत साखर वाटली. कुणी विचारलं तर सांगत होती की भगवान परमनंट झाला. मी म्हटलं अगं नाही, विहिरीला पाणी लागलं. ती म्हणाली एकच ते.

पण त्या आभारांचं तू हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या वस्तीतच बघ. लग्नात भांडी मागायला आलेला परका माणूस दहादा थँक्यू म्हणतो, भांडी आणून टाकतो आणि मोकळा होतो. शेजारची सुंदराबाई काहीच बोलत नाही, कढई उचलून नेते. का? कारण पुढच्या महिन्यात तीही आपल्या घरचं वरण ढवळायला येणार असते. तुझ्या वाडीने आभार मानले नाहीत, म्हणजे काहीतरी तुझ्या गळ्यात पडणार हे नक्की.

कुंदाला सांगितलं. तिने पत्र मागून घेतलं आणि अजून परत केलेलं नाही.

बाकी सगळे मजेत. शेळीला पिल्लं झाली, आपल्याच खोलीत. लोभ ठेव, कंबर सांभाळ.

तुझी,
शालनताई


खाणीचा कॅम्प
१९ जुलै १९८८

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो, किंवा मिरची पडो, काय म्हणावं तेच कळत नाही. पडलं गळ्यात!

मे संपता संपता एका सकाळी सगळी वाडी खाणीच्या फाटकात उभी. बायका, पुरुष, डोक्यावर पाट्या. कुणी बोलावलं नव्हतं. खाणीतला ढासळलेला मुरूम त्यांनी दिवसभर वाहून टाकला. साहेबांनी मजुरी द्यायला पाकीट काढलं, तर कुणी हात पुढे करीना. साहेबांना भरून आलं. त्यांनी फोटो काढले आणि मुंबईला पाठवले, खाली लिहिलं, श्रमदान.

ते श्रमदान नव्हतं ताई. मागच्या आठवड्यात रखमाआजी इरलं पांघरून ऑफिसात आली आणि म्हणाली की परवापासून आमची लावणी आहे, माणसं घेऊन या. मी विचारलं, कसली माणसं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच मंद आहे. मग उलगडून सांगितलं. वाडीत सावड असते. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. त्यात मजुरी नाही, उपकार नाही आणि आभारही नाहीत. आमची सगळी माणसं विहिरीवर आली, त्यांची सगळी खाणीवर आली. म्हणजे कंपनी सावडीत शिरली. एकदा शिरलं की दरसाल आलंच.

प्रधान साहेब आधी हसले. मग मी विचारलं की नाही म्हणून कळवू का, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. दिवाळीची मुदत डोक्यावर आहे. पावसात खाण तशीही बंद असते. शेवटी आम्ही सगळे लावणीला गेलो.

काय सांगू! किसनची कंबर पुन्हा गेली. ड्रायव्हरने आपली ओळ ट्रक वळवावा तशी वळवली. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पहिलंच पाऊल टाकलं आणि चप्पल चिखलातच राहिली. ती काढायला वाकले आणि बसलेच. सबंध वाडी हसली आणि मग साहेबही हसले. इतके हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. दुपारी बांधावर बसून त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. म्हणाले की भगवान, डोंबिवलीला घरी रोज जेवायचो, पण खरा जेवलो आज.

मलाही लाज सोडून सांगतो, फार बरं वाटलं. रोपं हातात आली की डोक्यातलं सगळं जातं.

लोभ असाच चिखलाने माखलेला चालेल ना?

तुझा,
भगवान


कॅम्प नंबर ४, उल्हासनगर
५ ऑगस्ट १९८८

चि. भगवान यास,
अ. आ. व जयभीम.

पत्र वस्तीत इतकं फिरलं की घड्यांवर फाटलं. टेकचंद शेठच्या बायकोने साहेबांच्या चपलेचा मजकूर दोनदा ऐकला आणि मला पापड दिला.

हसून झाल्यावर मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. कुंदाने परत केलेलं धरून. त्यात विहीर आहे, लावणी आहे, कोंबडे आहेत. पण कंपनीला त्यांचा बसका डोंगर हवाय हे तू वाडीला सांगितलंस, असं कुठेही नाही.

भगवान, तू सांगितलं आहेस ना?

आईला खोली हवीय. मलाही तुझं लग्न झालेलं बघायचंय. पण ज्या बाईने तुला पहिला तांब्या दिला, तिच्या घरी जेवायचं आणि पोटात ते ठेवायचं, हे मला पटत नाही. मी रागावले नाही. मला तुझी काळजी वाटते.

लगेच लिही. लोभ कुठे जात नाही, तो इथेच बसलाय.

तुझी,
ताई


हेदाची वाडी
१८ सप्टेंबर १९८८

शालनबाईस रखमाचा रामराम.

पोरी, मला लिवता येत नाय. तुजा भाव लिवतोय, मी बोलतेय. त्याला सांगितलाय, माझा बोलणा हाय तसा लिव, साबण लावू नको.

तू हितं ये. विहिरीला पानी मस हाय. भात पोटरीला आलाय. तुज्या भावानं लावलेली ओळ लांबून वळखू येते, ती नागावानी गेलीय. तरी रोपं जगली. त्याचा हात चांगला हाय, डोळा वाकडा हाय.

आता खरा बोलते. तुजा भाव पयला हसायचा तवा आमाला बरा नाय वाटला, ते हसणा शिकवलेला होता. लावणीला हसला, ते त्याचा होता. पन पोळ्यापासनं तो हसत नाय. घरी येतो, बसतो, भाकर खातो, तोंड उघडतो आनि परत मिटतो. काय तरी गिळून बसलाय. मी इचारला, तो बोलला काय नाय. आमी त्याची परकी, तू भैन हायस. तू इचार. पोटात ठेवून मानूस वाळतो.

आनि तुज्याकडं शेळी खोलीत बसते, ते त्यानं सांगितला. शेळी अजून तितंच हाय का?

रखमा

ता. क. ताई, हे सगळं मी माझ्याच हाताने लिहिलं. मधला मजकूर गाळायचा विचार होता. पण आजीने कागद माझ्या हातातून घेतला आणि किसन वॉचमनकडून मोठ्याने वाचून घेतला. एक शब्द राहिला होता, तो पुन्हा घालायला लावला.
भगवान


खाणीचा कॅम्प
२३ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

सांगितलं. तुझ्या पत्राने अर्धं बळ दिलं, आजीच्या पत्राने उरलेलं. कापणीला गेलो होतो तेव्हा खळ्यावरच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कंपनीला डोंगर हवाय, त्यासाठी मी आलो, तुम्ही हो म्हटलंत तर माझी नोकरी पक्की. कुणी चिडलं नाही. रखमाआजी एवढंच म्हणाली की होय, आम्हांला वाटलंच होतं, चादरी काही उगाच येत नाहीत. मग विचारलं की तुला खोली बांधायची आहे का. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली की तुझ्या मोठ्या साहेबाला येऊ दे, सावडीत आहे तर त्याच्याशी सावडीचंच बोलू.

दिवाळी झाल्यावर मोठे साहेब मुंबईहून आले. मांडव, घडीच्या खुर्च्या, पेढे. शिकवणीवाले टायचे गृहस्थही होते, अजून हसत होते. मोठ्या साहेबांनी आजीला शाल घातली. आजीने लगेच नवं इरलं काढून साहेबांच्या डोक्यावर घातलं. ते तसेच, इरल्यात, भाषणाला उभे राहिले. कंपनी आणि वाडी एक कुटुंब आहे, म्हणाले. शाळा देऊ, रस्ता देऊ, भरपाई देऊ.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी गोडीने म्हणाली की आमची ना नाही. आमच्यात जे घ्यायचं तेच परत करायचं असतं. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. विहीर तुम्ही दिलीत, पण तिचं पाणी या डोंगरातूनच येतं, डोंगर नेलात तर तुमची विहीर तुम्हीच परत नेलीत. तरी चालेल. आमचा डोंगर घ्या, तुमचा कुठला देता?

मोठे साहेब म्हणाले की आमच्याकडे डोंगर कुठला. तेव्हा आजीने माझ्याकडे वळून विचारलं की हे राहतात कुठे. मी बेसावध होतो ताई, सांगून टाकलं, मुंबईत, मलबार हिलला. हिल म्हणजे काय, तिने विचारलं. टेकडी, मी म्हणालो.

आजीचा चेहरा उजळला. मग काय, म्हणाली, ती चालेल. लहान असली तरी चालेल. आम्ही येऊ बघायला.

प्रधान साहेबांना ठसका लागला. रुमालात तोंड घालून ते मांडवाबाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मोठे साहेबही आधी हसले. पण वाडीतलं कुणीच हसत नव्हतं. सगळे उत्तराची वाट बघत होते. तेव्हा त्यांनी डोक्यावरचं इरलं काढलं आणि ते मांडीवर घेऊन खाली बसले.

प्रधान साहेबांनी अहवालात लिहिलं की वाडीचा विरोध नाही, मात्र मोबदल्यात त्यांनी मागितलेली टेकडी देणं कंपनीला सध्या शक्य दिसत नाही. मुंबईहून उत्तर आलं की डोंगराचा विचार तूर्त राहू द्या, जुनी खाणच खोल न्या. आणि ग्रामसंपर्क साहाय्यकाची आता गरज नाही.

साहेबांच्या ओळखीने इगतपुरीला रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायची नोकरी मिळालीय, कच्चीच. तिकडे चाललोय. आईची खोली राहिली. जयदेवरावांना काय तोंड दाखवू? कुंदाची वाट अडवून ठेवू नका असं त्यांना सांग. मला फार वाईट वाटतंय, पण सांगितल्याचं नाही वाटत. निघताना आजीने तुझा पत्ता विचारला. पत्र पाठवायचं असेल, लिहिणारा आता किसन.

लोभ असू दे. आता त्याचीच जास्त गरज आहे.

तुझा,
भगवान


कॅम्प नंबर ४, उल्हासनगर
२४ जानेवारी १९८९

चि. भगवान यास,
अ. आ. व जयभीम.

जिथे असशील तिथे खाली बस, मग वाच.

रविवारी सकाळी मी खिसे शिवत होते, तर गल्लीच्या तोंडाशी सह्यशिलाचा ट्रक उभा राहिला. मला वाटलं खडी चुकून आली. मागचं फळकट उघडलं आणि माणसं उतरायला लागली. उतरतच होती. डोक्याला फडकी, हातात कोयते, आणि मागून कारवीच्या काठ्यांचे भारेच्या भारे. सगळ्यांत पुढे एक म्हातारी. तिने माझ्याकडे बघितलं, तुझंच नाक आहे म्हणाली, आणि विचारलं की शेळी बसते ती खोली कुठली.

मी काही बोलायच्या आत खांब रोवले गेले. कारवी उभी बांधली, बायकांनी माती आणि शेण तुडवलं, भिंतींचे कूड लिंपायला घेतले. बसक्या डोंगराची कारवी, म्हणाली आजी, चांगली दाट आहे. ड्रायव्हरशेजारून प्रधान साहेब उतरले. रविवार होता, ट्रक रिकामाच जात होता, असं काहीसं पुटपुटले, पँट दुमडली आणि मातीत शिरले. यावेळी चप्पल आधीच काढून ठेवली होती. टेकचंद शेठ बघायला आला आणि बघता बघता पाणी द्यायला लागला. त्याच्या बायकोने सगळ्यांसाठी पापड भाजले. हे कामावर गेले नाहीत. शेळीला हाकलायला आजी स्वतः गेली आणि तिच्याशी काय बोलली कुणास ठाऊक, ती अजून परत आलेली नाही.

दुपारी जयदेवराव आले, कुंदाला घेऊन. खरं तर नकार द्यायला आले होते, मला त्यांच्या चालीवरूनच कळलं. गर्दी बघून थबकले. त्यांनी रखमाआजीला विचारलं की हा मुलगा कसा आहे, त्याची नोकरी तर गेली. आजीचे हात कोपरापर्यंत शेणात. ती म्हणाली की नोकरीचं मला कळत नाही. तो आमच्या सावडीत आहे. दरसाल लावणीला त्याने यायचं, त्याचं काम निघालं की आम्ही यायचं. यातून माणूस सुटतो तो चौघांच्या खांद्यावरच.

जयदेवरावांनी बाह्या वर केल्या. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि विचारलं की माती कुठली उचलायची. कुंदा तर केव्हाच आत होती. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तिच्या पंजाचा ठसा उमटलाय, तो मी पुसू दिला नाही.

आषाढात लावणीला यायचंय. मी, हे, कुंदा आणि तिचे वडील. टेकचंद शेठही विचारत होता की चिखलात सॅंडल चालतात का. तू इगतपुरीहून रजा काढ, कच्च्या नोकरीत रजा मिळत नसली तरी काढ.

आई त्या खोलीत पाय लांब करून निजते. भिंतींना अजून ओल्या मातीचा वास आहे आणि त्याखाली कसलातरी रानाचा. संध्याकाळी ट्रक निघाला तेव्हा मी धावत गेले, आजीचा हात धरला आणि आभार मानायला तोंड उघडलं. मग आठवलं. तशीच गप्प राहिले. आजीने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

लोभ दारात उभा आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
शालनताई